‘मीटरच्या आधी जोडून देतो’

गेल्या अंकात या प्लंबरच्या सदरात मी सहज लिहून गेलो होतो की, गॅसचा वास आला तर पंख्याच्या बटणाला हात लावू नका. त्यावर भरपूर पत्रं आली, पण त्यातली निम्मी पंख्याबद्दल नव्हतीच. ती होती शेजाऱ्याबद्दल, भाडेकरूबद्दल, सिलिंडर आणून देणाऱ्या पोऱ्याबद्दल. म्हणजे चोरीच्या गॅसबद्दल. तेव्हा गळक्या नळांचे आणि तुंबलेल्या मोऱ्यांचे प्रश्न पुढच्या वेळी. नावांची फक्त अक्षरं छापली आहेत.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर एका गाळ्यात सहा महिन्यांपूर्वी मिसळीचं दुकान सुरू झालं. दुकानात सिलिंडर दिसत नाही, पाइप गॅसचं मीटरही नाही, आणि तीन शेगड्या पहाटे पाचपासून पेटलेल्या असतात. डक्टमध्ये डोकावलो तर आमच्या विंगच्या उभ्या लाइनला एक नवा तुकडा जोडलेला, वरून पिवळा रंग फासलेला. संध्याकाळी जिन्यात वास येतो. चेअरमन म्हणतात, ‘घरातलं घरात मिटवू, पोलीस आले तर सोसायटीचं नाव जाईल.’ मी सेक्रेटरी आहे. काय करावं? — अ. ज., सिंहगड रस्ता

उत्तर : अ. ज., तुमचं पत्र वाचलं आणि संपादकांकडून तुमचा नंबर घेऊन आधी फोनच केला. छापून येईपर्यंत थांबायची ही गोष्ट नव्हती. तेव्हा बोललो तेच आता बाकीच्यांसाठी लिहितो.

जिन्यात वास येत असेल तर पहिला फोन चेअरमनना नाही, भाडेकरूला नाही आणि मलाही नाही. गॅसच्या बिलावर आपत्कालीन नंबर छापलेला असतो, तो लावायचा. नाहीतर अग्निशमन दलाचा १०१. आणि तोही जिन्यात उभं राहून नाही, खाली फाटकाबाहेर येऊन. चोरी कोणी केली, कोणाच्या सांगण्यावरून केली, सोसायटीचं नाव कुठे गेलं, हे सगळं वास थांबल्यानंतर. तो तुकडा पान्याने आपण सोडवायला जायचं नाही. लाइनीत गॅस असतो, आणि सोडवणाऱ्याच्या हातात बहुधा मोबाइलची बॅटरी सुरू असते.

तुमच्याकडे माणसं आली, त्यांनी उभ्या लाइनीची मुख्य चावी बंद केली, आणि विंगमधल्या सगळ्यांच्या चुली संध्याकाळपर्यंत थंड राहिल्या. त्याबद्दल लोक तुम्हालाच बोलले, हेही तुम्ही सांगितलंत. बोलू द्या. सेक्रेटरी झालात तेव्हाच ते पदरात पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी येऊन तो काढलेला तुकडा पाहिला. अर्ध्या इंचाचा टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, त्याला निप्पल, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला छोटा तुकडा, पुढे दुकानापर्यंत नळी. आट्यांवर काय, तर सुतळी आणि सफेदा, म्हणजे सांधा बुजवायचा पांढरा लेप! पाण्याच्या नळाला आमच्या वडिलांच्या पिढीपासून तेच लावतात आणि पाण्याला ते उत्तम चालतं, कारण सुतळी ओली राहते, फुगते आणि आटी घट्ट धरते. पाइपमधला नैसर्गिक गॅस मात्र कोरडा असतो. तो सुतळीतला ओलावा महिनोन्महिने शोषत बसतो. सुतळी आकसते, सफेद्याला केसाएवढ्या चिरा पडतात. तुमच्या त्या टीच्या एका बाजूचा सफेदा मी नखाने उचलला तर बिस्किटाच्या पापुद्र्यासारखा निघाला. खाली सुतळी वाळून पिवळी. जोडणाऱ्याने बसवलं त्या दिवशी ते गळत नसणार. म्हणूनच तो पैसे घेऊन निर्धास्त गेला.

मला या चोरीची भीती वाटते ती इथे. गॅस तोच आहे, तुमच्या घरात येतो तोच. फरक आहे सांध्याचा. रीतसर जोडणीत लाइनीत हवा भरून दाबमापक लावतात आणि काटा पडतो का ते घड्याळ लावून बघतात. मग प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावतात. गळती असली तर फेसात बेडकाच्या अंड्यांसारखे बुडबुडे धरतात. चोरून जोडलेला सांधा यातलं काहीच बघत नाही, कारण बघणाऱ्याला बोलवायची सोय नाही. आणि पुढे कधी वास आलाच, तर ज्याला नेमकं ठाऊक आहे की कुठून येतोय, तोच माणूस फोन करू शकत नाही. तो काय करतो? खिडकी उघडतो, उदबत्ती लावतो. हसू नका, लावलेली पाहिली आहे मी.

आता दाबाचं. उभ्या लाइनीत साधारण १०० मिलिबार दाब असतो. मीटरजवळच्या रेग्युलेटरमधून पुढे गेला की तो २१ मिलिबारवर येतो. २१ मिलिबार म्हणजे किती? पाण्याची वीतभर उंची, तिचा बुडाशी जेवढा दाब पडेल तेवढा. उभ्या लाइनीतला दाब म्हणजे मीटरभर पाणी, माणसाच्या कमरेएवढं. घरची शेगडी वीतभर दाबावर बेतलेली असते. मीटरच्या आधी टी मारला की मीटर टाळलं जातं आणि बहुतेक वेळा रेग्युलेटरही टाळला जातो. मोठ्या भट्टीला जोर मिळतो म्हणून दुकानदार खूश. पण ज्योत बर्नर सोडून वर उचलली जाते, फडफडते, आणि वाऱ्याच्या एका झुळकीने विझते. ज्योत विझली तरी गॅस येतच राहतो. पुष्कळशा रेग्युलेटरमध्ये अशी सोय असते की, लाइनीतला गॅस मधेच गेला आणि पुन्हा आला तर तो आपोआप आत शिरत नाही, हाताने कळ ओढून सुरू करावा लागतो. चोरीच्या नळीला अशी कळ कोण बसवणार?

‘पण इतकं काही होत नाही हो’ असं तुमचे चेअरमन माझ्यासमोर म्हणाले, म्हणून त्यांच्यासाठी एक घडलेली गोष्ट. न्यूयॉर्कमध्ये ईस्ट व्हिलेज नावाचा भाग आहे. तिथल्या एका इमारतीत खाली हॉटेल, वर भाड्याची घरं. ऑगस्ट २०१४ मध्ये गॅस कंपनीच्या लोकांना दिसलं की हॉटेलच्या लाइनीतून नळ्या ओढून वरच्या घरांना गॅस दिलाय. त्यांनी पुरवठा तोडला. मग इमारतीच्या मालकिणीने शेजारच्या, तिच्याच मालकीच्या इमारतीतून लपवून दुसरी लाइन घेतली. २६ मार्च २०१५ ला तपासनीस आले तेव्हा ती लाइन बंद करून ठेवली, ते गेल्यावर पुन्हा उघडली. थोड्याच वेळात वास सुटला. मालकिणीचा मुलगा आणि ठेकेदार तळघरात बघायला गेले आणि तसेच पळत रस्त्यावर आले. हॉटेलात जेवत बसलेल्यांना कुणी एका शब्दाने सांगितलं नाही. स्फोटात आणि आगीत तीन इमारती कोसळल्या, दोन तरुण गेले. २०१९ मध्ये मालकीण, ठेकेदार आणि परवाना नसताना ते काम करणारा प्लंबर, तिघेही सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यात दोषी ठरले.

गॅसचं बिल वाचवायला निघालेली माणसं होती ती, कुणाला मारायला नव्हे. चेअरमननी यावर ‘अमेरिकेत कायदे कडक असतात’ एवढंच म्हटलं. आपल्याकडेही भारतीय न्याय संहितेत चोरीला ३ वर्षांपर्यंत आणि हलगर्जीपणाने कुणाचा जीव गेला तर ५ वर्षांपर्यंत कैद आहे. आणि ‘आम्हाला माहीत होतं, पण घरातलं घरात मिटवत होतो’ हे वाक्य चौकशीत कसं ऐकू येईल याचा सोसायटीने विचार करावा.

राहिला दुकानदार. त्याच्याशी वैर धरू नका. त्याला कुणीतरी येऊन ‘मीटरच्या आधी जोडून देतो, एकदाच काय ते द्या’ असं सांगितलं असणार. व्यावसायिक जोडणी मागायला सांगा, नाहीतर १९ किलोचे सिलिंडर. मिसळ चांगली करतो म्हणालात. मग दोन रुपये वाढवेल, पुणेकर कुरकुरत खातील.

प्रश्न : वय ७१, एकटी राहते. करोनानंतर मला वास नीट येत नाही. मुलगा म्हणतो पाइप गॅस हलका असतो, उडून जातो, काळजी करू नकोस. खरं आहे का? — सौ. म. दे., कोथरूड

उत्तर : वहिनी, मुलाचं अर्धं खरं आहे. पाइपमधला गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, तो हवेपेक्षा हलका. सिलिंडरमधला हवेपेक्षा जड, तो फरशीवरून पसरत मोरीच्या जाळीत उतरतो. हलका गॅस वर जातो हे बरोबर, पण वर जाऊन जातो कुठे? तुमच्या स्वयंपाकघराला पीओपीचं खोटं छत आहे का? कबुतरं येतात म्हणून वरच्या झरोक्याला काच बसवली आहे का? मग तो छताखाली साचणार. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन झाला की त्याला ठिणगी पुरते. ८ बाय १० ची खोली, १० फूट उंची धरली तर हवा साधारण २२ घनमीटर, त्यातला एक-सव्वा घनमीटर गॅस म्हणजे ५ टक्के. आणि छताजवळच्या थरात तो आकडा त्याआधीच गाठला जातो. झरोक्याची काच काढून जाळी लावा. कबुतरं परवडली.

गॅसला मुळात वास नसतोच. कुजक्या कोबीसारखा जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा. हवेत फक्त १ टक्क्याच्या आसपास गॅस झाला, म्हणजे धोक्याच्या पातळीच्या एक पंचमांश, तेव्हाच नाकाला कळावं असा त्याचा हिशोब. हे मिसळणं सक्तीचं होण्यामागेही अशीच एक आडवाटेची जोडणी आहे. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये न्यू लंडन नावाच्या गावात तेलविहिरींच्या पैशावर बांधलेली भलीमोठी शाळा होती. महिन्याचं गॅसचं बिल वाचवायला शाळेने रीतसर पुरवठा बंद केला आणि तेलकंपनीच्या, फुकट जाळून टाकायच्या गॅसच्या पाइपाला आपली लाइन जोडून घेतली. तेव्हा त्या भागात असं सर्रास करत, कंपन्या काणाडोळा करत. त्या गॅसला वास नव्हता. तो जमिनीखालच्या पोकळीत गळत साचला. १८ मार्च १९३७ ला दुपारी कार्यशाळेत कुणीतरी लाकूड घासायचं विजेचं यंत्र सुरू केलं. सुमारे तीनशे जीव गेले, बहुतेक मुलं. त्यानंतर टेक्सासने गॅसमध्ये वास मिसळणं सक्तीचं केलं आणि ते पुढे सगळीकडे पसरलं.

म्हणजे वास ही तुमची पहिली घंटा, आणि ती तुमच्यापुरती बंद पडली आहे. तेव्हा दुसरी बसवा. गॅस गळती ओळखणारं यंत्र मिळतं. पाइप गॅस असेल तर ते छताखाली फूटभर अंतरावर, सिलिंडर असेल तर फरशीजवळ. दुकानदार सगळीकडे एकाच उंचीवर ठोकून जातो, त्याला हे सांगावं लागतं. रात्री झोपताना ओट्याखालची चावी आडवी करा: पाइपाच्या रेषेत असली तर सुरू, आडवी असली तर बंद. नारिंगी सुरक्षा नळीवर तारीख असते, ती नातवाकडून वाचून घ्या. महिन्यातून एकदा नळीच्या दोन्ही टोकांना साबणाचा फेस लावून बघा. बुडबुडे बघायला नाक लागत नाही.

प्रश्न : सिलिंडर पूर्वी दीड महिना जायचा, आता पाच आठवड्यांत संपतो. मधल्यामधे गॅस काढतात का? — वि. पा., हडपसर

उत्तर : काढतात. घरी पाहुणे वाढले नसतील तर वजन करून घ्या, तो तुमचा हक्क आहे. सिलिंडरच्या कड्यावर रिकाम्याचं वजन कोरलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळवा. पोऱ्याकडे काटा नसेल तर ‘काटा घेऊन या, मग सही करतो’ म्हणा. दारात थोडा वेळ तमाशा होईल, होऊ द्या.

पण वि. पा., तुमचे एक-दोन किलो ही त्यातली लहान गोष्ट. ते काढतात कुठे? एखाद्या बंद खोलीत किंवा टेंपोत, एक सिलिंडर उलटा धरून, दोन टोकांच्या पितळी नळीने दुसऱ्यात. नळी लावताना आणि काढताना द्रव गॅस फसफसून बाहेर येतो, आणि एक लिटर द्रवाचा अडीचशे लिटरच्या आसपास वायू होतो. तो जड, खोलीत गुडघाभर साचून राहतो. भरताना सिलिंडरमध्ये वर मोकळी जागा ठेवावी लागते, कारण उन्हात द्रव फुगतो. अंदाजाने भरणाऱ्याला किती भरलं ते कळतच नाही. असा काठोकाठ भरलेला सिलिंडर मग कुणाच्या तरी हातगाडीखाली, भर दुपारी. शेजारच्या खोलीत हे चालत असेल तर वजनाची तक्रार बाजूला ठेवा आणि खोलीची आधी करा. गळतीसाठी १९०६ हा सिलिंडरवाल्यांचा नंबर चोवीस तास चालतो.

प्रश्न : पुण्यातली शेगडी तळेगावच्या घरी नेली. इथे सिलिंडर आहे. ज्योत हातभर येते, भांडी काळी होतात. — श. ग., तळेगाव

उत्तर : जेट, म्हणजे बर्नरखाली गॅस सोडणारं बारीक भोकाचं तोंड, बदला आणि तोपर्यंत पेटवू नका. पाइप गॅसला तेवढ्याच आकारमानात उष्णता कमी, म्हणून त्याच्या जेटचं भोक मोठं असतं. त्याच भोकातून सिलिंडरचा गॅस सोडला की जवळपास दुप्पट जाळ. सुई घालून भोक लहान करता येत नाही, कुणी खिळा ठोकून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

प्रश्न : मी प्लंबर आहे, पाच वर्षं झाली. महिन्यातून एखादं गिऱ्हाईक मीटरच्या आधी टी मारून मागतं. नाही म्हटलं तर दुसरा करून देतो आणि त्या घराची बाकीची कामंही त्यालाच जातात. तुम्ही काय केलं असतं? — रा., वारजे

उत्तर : रा., तू अक्षरापुढे आडनावाचं अक्षरही दिलं नाहीस, बरं केलंस. मी काय केलं असतं ते नको विचारू. काय केलं होतं ते सांगतो. १९८८ साली, नारायण पेठेतल्या एका वाड्यात, सिलिंडरची नळी बदलली आणि गळती बघायला साबण आणायचा कंटाळा केला. काडी ओढून नळीवरून फिरवली. उस्ताद अंगणात विडी ओढत होते. भपकन आवाज आला, माझ्या भुवया गेल्या आणि वाड्याच्या मालकीणबाईंनी कळशीतलं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं. उस्तादांनी आत येऊन नळी बंद केली, बाईंची माफी मागितली, आणि मला महिनाभर नुसता फेस करायला बसवलं. वाटी, पाणी, साबण. दुसरं काम नाही.

तेव्हा मी शहाणा होतो असं समजून सल्ला घेऊ नकोस. पण हिशोब ऐक. पाण्याचा सांधा गळला तर गिऱ्हाईक तुला फोन करून शिव्या देतं, तू जातोस, पुन्हा बांधतोस. मीटरच्या आधीच्या टीला तो फोन कधीच येत नाही. तू मारलेला प्रत्येक टी तुझ्या नावावर त्या भिंतीत राहतो, सुतळी वाळत राहते, आणि तू वारज्यात झोपलेला असतोस. न्यूयॉर्कच्या त्या खटल्यातला तिसरा आरोपी आपल्याच धंद्यातला होता. त्याला आणि ठेकेदाराला मालकिणीएवढीच शिक्षा झाली, ४ ते १२ वर्षं.

गिऱ्हाइकाला भाषण देऊ नकोस, ते ऐकत नाही. ‘दाबाची चाचणी करून, कागदावर सही घेऊन देतो’ एवढंच म्हण. चोरीचं काम मागणारा सहीचं नाव निघताच स्वतःहून विषय बदलतो. जी घरं तुटतील ती तुटू देत. तुझा नंबर संपादकांकडे देऊन ठेव. सिंहगड रस्त्यावरच्या त्या विंगमध्ये बावीस फ्लॅट आहेत आणि आता सगळ्यांना आपापले सांधे फेस लावून तपासून हवे आहेत. मला जिने चढवत नाहीत. साबण मात्र तुझा तू आण.